ताण कुणाचा, तक्ता कुणाचा

(एका परिचर्या महाविद्यालयातील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून जास्त मद्य सापडलं, की गाडी चालवणारा गुन्हेगार ठरतो. १९९७ साली डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक छोटासा लेख लिहिला. त्यांनी काही माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली आणि दोन्ही वेळा त्यांच्या हात-डोळ्यांचा मेळ मोजला. सलग १७ तास जागलेल्या माणसाचं काम रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकं ढिलं पडलं होतं. २४ तास जागल्यावर ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास गेलं. आपल्या कायद्याच्या मर्यादेच्या हे तिप्पट होतं. दारू पिऊन या अवस्थेला पोचलेल्या माणसाला पोलीस स्कूटरसुद्धा चालवू देणार नाहीत. जागून पोचलेला मात्र सेंट्रल लाइन टाकतो, दीड किलोच्या बाळाचा डोस मोजतो, अडलेली प्रसूती सोडवतो. त्यानं ते करावं म्हणूनच तर त्याला ड्युटी लावलेली असते.

मला दिलेला विषय ‘आरोग्य कर्मचाऱ्यांचा व्यक्तिमत्त्व विकास आणि ताण-व्यवस्थापन’ असा आहे. मी मनोविकारतज्ज्ञ, तेव्हा प्राणायाम, सकारात्मक विचार आणि हसतमुख चेहरा यांवर बोलेन अशी आयोजकांची अपेक्षा असणार. बोलेन, पण शेवटाकडे आणि थोडंच. कारण या ताणाचा मोठा हिस्सा तुमच्या व्यक्तिमत्त्वात नाहीच. तो ड्युटीच्या तक्त्यात आहे, आणि तक्ता लावणं तुमच्या हातात नसतं.

१९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात लिबी झायन नावाची १८ वर्षांची मुलगी ताप म्हणून दाखल झाली आणि काही तासांत दगावली. रात्री तिच्यावर उपचार करणारे निवासी डॉक्टर लांबलचक ड्युटीत होते आणि एकाच वेळी पुष्कळ रुग्ण सांभाळत होते. तिचे वडील पत्रकार होते, वकिलीही केलेले. त्यांनी प्रकरण धसास लावलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला ८० तासांची मर्यादा घातली आणि २००३ मध्ये ती साऱ्या अमेरिकेत आली. आता ८० तास म्हणजे काही चैन नव्हे. आपल्याकडे तर कागद त्याहून उदार आहे. निवासी डॉक्टरांच्या केंद्रीय योजनेत १९९२ सालीच लिहून ठेवलंय, की सलग १२ तासांहून जास्त सक्रिय ड्युटी सहसा देऊ नये. या सभागृहातल्या निवासी डॉक्टरांपैकी किती जणांनी हे वाक्य वाचलंय, ते मी विचारणार नाही. वाचायला वेळ मिळाला असता, तर वाक्याची गरजच पडली नसती. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं नेमलेल्या कृतिदलानं आठवड्याला ७४ तासांची मर्यादा सुचवली. त्याच कृतिदलाच्या ऑनलाइन पाहणीत उत्तरं देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी ३१ टक्के जणांनी आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं नोंदवलं. स्वेच्छेनं भरलेल्या पाहणीच्या ज्या काही मर्यादा असतील त्या धरा. तरीही हा आकडा मला झोपू देत नाही.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून करण्यात आला, ते तुम्हाला सांगायला नको. प्रदीर्घ ड्युटीच्या मध्ये थोडं पडावं म्हणून ती सेमिनार हॉलमध्ये गेली होती. गुन्हेगाराचं काय करायचं ते न्यायालयं बघतील. आपण मात्र एवढंच विचारू, की रात्रपाळीच्या डॉक्टरला पाठ टेकायला सेमिनार हॉल का शोधावा लागतो? सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलापुढच्या विषयांत विश्रांतीच्या खोल्या आणि स्वच्छतागृहं होती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला संडासाच्या कडीपर्यंत यावं लागलं.

ज्या मेट्रनबाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या तक्ता पेन्सिलीनं लावायच्या, असं त्यांच्या विद्यार्थिनी सांगतात. कुणाचे सासरे आजारी पडले, कुणाच्या मुलीची दहावी आली, तर खोडता यावं म्हणून. नाईट संपली की ऑफ मिळायचाच, आणि तो खोडायला त्या डीनलाही रबर देत नसत. मला बाईंचा गौरव यापलीकडे करायचा नाही. ताण-व्यवस्थापन कशाला म्हणतात, ते यात आलं.

आता थोडं या दुखण्याच्या रूपाबद्दल. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांविषयी लिहिताना ‘बर्नआउट’ हा शब्द वापरला. पुढं ख्रिस्तिना मास्लाक यांनी ते मोजण्याची प्रश्नावली तयार केली. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या नव्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली आणि देताना काळजीपूर्वक सांगितलं, की हा आजार नव्हे, ही कामाच्या जागेशी निगडित अवस्था आहे. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. आजार म्हटलं की औषध माणसाला द्यायचं. कामाच्या जागेची अवस्था म्हटलं की औषध कामाच्या जागेला द्यावं लागतं.

या अवस्थेची तीन लक्षणं सांगतात. पहिलं, झोप काढूनही न उतरणारा थकवा. तिसरं, आपण काहीच नीट करत नाही अशी भावना. मधलं सगळ्यात घातक, कारण ते बाहेरून शिस्तीसारखं दिसतं: कामापासून आणि माणसांपासून मनानं दूर जाणं. रुग्णाचं नाव गळून पडतं आणि उरतो बेड नंबर. “बाराची सलाईन संपली.” “सातचे नातेवाईक फार कटकट करतात.” असं बोलणाऱ्या सिस्टर निर्दयी आहेत असं बाहेरच्यांना वाटतं. तसं नसतं, हे १९६० साली इसाबेल मेन्झीस यांनी दाखवून दिलं.

त्यांच्या अभ्यासापाशी मी जरा थांबणार आहे. लंडनमधल्या एका मोठ्या शिकाऊ रुग्णालयातल्या परिचारिका-विद्यार्थिनींचा त्यांनी अभ्यास केला होता. सुमारे एक तृतीयांश मुली प्रशिक्षण अर्धवट सोडून जात होत्या, आणि कमकुवत मुली गळत असतील, असं कुणालाही वाटलं असतं. मेन्झीस यांनी जवळून पाहिलं तेव्हा वेगळंच दिसलं. जखम, विष्ठा, नग्न शरीर, मरण आणि रडणारे नातेवाईक यांच्या सतत जवळ राहिल्यानं जी भीती दाटते, ती टाळायला रुग्णालयानंच न ठरवता एक व्यवस्था उभी केली होती. कामाचे तुकडे पाडायचे: एकीनं सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीनं सगळ्यांना बेडपॅन द्यायचं, म्हणजे कुणाचा कुणाशी फार संबंध येत नाही. मुलींना सतत एका वॉर्डातून दुसऱ्यात हलवायचं. रुग्णाला ‘दहाव्या खाटेवरचं यकृत’ म्हणायचं. निर्णय कुणी घ्यायचा, हे इतकं धूसर ठेवायचं, की प्रत्येक गोष्ट वरच्याला विचारावी लागेल. हे सगळं भीतीपासून बचावासाठी होतं आणि त्यानं भीती कमी होत नव्हती. उलट, ज्या समाधानासाठी मुली या पेशात आल्या होत्या, तेच हिरावलं जात होतं. हुशार मुली आधी जात होत्या, अशीही त्यांची नोंद आहे.

साठ वर्षांहून जुना, परक्या शहरातला हा अभ्यास वाचताना मला आपल्या जिल्हा रुग्णालयाचा वास येतो. ‘वरून आदेश आला पाहिजे’ हे वाक्य आपल्याकडे किती वेळा ऐकू येतं! पहाटे चार वाजता एकाच बाळाची नोंद तीन रजिस्टरांत आणि एका पोर्टलवर करणारी सिस्टर बाळाकडे पाहत नाही, कारण पाहायला वेळ नाही. न पाहण्याची सवय लागली की ते तिला सोपंही जातं.

तर मग रुग्णाच्या जवळ गेलं की माणूस थकतो का? मुंबईच्या केईएम रुग्णालयानं या प्रश्नाला दिलेलं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. अरुणा शानबाग या तिथल्याच परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच झालेल्या हल्ल्यानंतर त्या कधीच उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन झालं, तोपर्यंत जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ज्या मुलींचा जन्मही १९७३ मध्ये झाला नव्हता, त्यांनी भरवलं, कूस बदलली, आंघोळ घातली. इतक्या काळात त्यांना बेडसोर झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या निकालात घेतली. बेडसोर न होणं म्हणजे काय, हे या सभागृहाइतकं कुणाला कळणार? दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. या परिचारिका त्या कामानं कोळपून गेल्या, असं कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. उलट हे काम पिढ्यान्‌पिढ्यांचा अभिमान होऊन बसलं.

आता त्याच सिस्टरला साठ रुग्णांच्या वॉर्डात नाईटला एकटी ठेवा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिकाऊ रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असा आहे. म्हणजे पाळ्या धरून एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. प्रत्यक्षात खाली गाद्या घातलेल्या असतात आणि बेडसोर होणार हे तिला दिसत असतं. कूस बदलायची हे ती शिकलेली आहे, तिचे हात ते करू शकतात, आणि ती करू शकत नाही. अमेरिकी नीतितज्ज्ञ अँड्रू जेमटन यांनी १९८४ मध्ये नेमका हाच त्रास परिचारिकांच्या संदर्भात मांडला: योग्य काय ते कळतं, पण संस्थेची रचना ते करू देत नाही. माझा अनुभव असा, की माझ्याकडे येणाऱ्या सिस्टर आणि डॉक्टर कामाच्या ओझ्यानं क्वचित रडतात. रडतात त्या करता न आलेल्या कामानं. करुणा माणसाला थकवत नाही. अडवलेली करुणा थकवते.

दुसरा मोठा ताण दोषाचा. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या आयांच्या दुःखापुढे कुठलंही भाषण थिटं आहे. पण पुढे काय झालं, तेही लक्षात ठेवा. इमारतीत आग विझवण्याची धड व्यवस्था नव्हती, हे बाहेर आलं, आणि तरी फौजदारी गुन्हा दाखल झाला तो त्या रात्रीच्या दोन परिचारिकांवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस मृत्यू झाले. औषधं आणि माणसं पुरेशी होती का, ही चर्चा सुरू असतानाच एका खासदारानं कॅमेऱ्यासमोर अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. साखळी लांब असते आणि दोष नेहमी शेवटच्या कडीला लागतो, कारण ती कडी त्या वेळी खोलीत हजर असते.

वैद्यकीय चुकीनंतर रुग्णाबरोबरच उपचार करणाराही कोसळतो, हे अल्बर्ट वू यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. त्याला त्यांनी ‘दुसरा बळी’ म्हटलं. या नावाला काही रुग्ण-कुटुंबांचा आक्षेप आहे आणि तो मला योग्य वाटतो, बळी रुग्णच. पण कोसळणं खरं आहे. चुकीनंतर त्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न आपल्याकडे ‘कुणी केलं?’ हा असतो. विमानवाहतुकीत तो ‘कसं झालं?’ असा विचारतात. आपल्याकडे तसा विचारेपर्यंत चुका लपवल्याच जातील, आणि लपवलेली चूक दुसऱ्या वॉर्डात दुसऱ्याच्या हातून पुन्हा होईल.

मारहाणीचंही इथंच घेते. २०१० पासून महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध खास कायदा आहे. २०१७ मध्ये धुळ्याच्या रुग्णालयात निवासी डॉक्टरला जमावानं इतकं मारलं, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली; कायदा तेव्हा सात वर्षांचा होता. सुरक्षारक्षक हवेत, दारावर नियंत्रण हवं, शिक्षाही व्हायला हवी. पण एक गोष्ट आपल्या हातात आहे, आणि ‘व्यक्तिमत्त्व विकास’ या शब्दाला आपल्या पेशात काही अर्थ असेल तर तो इथं आहे: वाईट बातमी सांगणं.

कॅज्युअल्टीतली नेहमीची रात्र आठवा. कॉरिडॉरमध्ये पंधरा माणसं. आतून हाउसमन येतो, मास्क तोंडावर, एक पाय परत आत. “पेशंट कोलॅप्स झाला होता, सीपीआर दिला, रिस्पॉन्स नव्हता, डिक्लेअर केलंय. इथं सही करा.” पंधरापैकी चौदा जणांना एवढंच कळतं, की काहीतरी दिलं आणि काहीतरी करायचं राहिलं. पुढची दहा मिनिटं कशी जातील, हे त्या वाक्यातच ठरून जातं.

हे काम शिकता येतं. बेली आणि बकमन यांनी २००० मध्ये त्याच्या सहा पायऱ्या लिहिल्या. त्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी आहेत, पण आपल्या कॉरिडॉरलाही चालतात. मी त्या आपल्या भाषेत सांगते. आधी दोन-तीन जवळच्यांना बाजूला घ्या. खोली नसेल तर जिना चालेल, फक्त गर्दी नको. मास्क खाली करा. शक्य असेल तर बसा, त्यांनाही बसवा. विचारा, “तुम्हाला आतापर्यंत काय सांगितलंय?” म्हणजे त्यांना कुठून पुढं न्यायचं ते कळेल. मग एक इशारा द्या: “बातमी चांगली नाही.” आणि मग सरळ, मराठीत, एका वाक्यात: “त्यांचा मृत्यू झाला.” ‘कोलॅप्स’, ‘एक्स्पायर’, ‘गंभीर’ या शब्दांच्या आड लपू नका. त्यानंतर गप्प राहा. सगळ्यात अवघड पायरी हीच. शांतता आपल्याला सोसत नाही, म्हणून आपण लगेच सोडियम-पोटॅशियम सांगू लागतो. रडू द्या. मग काय काय केलं ते साध्या शब्दांत सांगा आणि पुढं काय करावं लागेल, देह केव्हा मिळेल, तेही सांगा. सहीचा कागद सगळ्यात शेवटी. याला दहा मिनिटं लागतात. रात्री तीन वाजता दहा मिनिटं कुठून आणायची, असा तुमचा प्रश्न असेल, तर तो रास्त आहे आणि पुन्हा तक्त्यापाशीच येतो. पण ही कला अंगी असलेल्या निवासी डॉक्टरच्या खांद्यांवरचं ओझं उतरताना मी पाहिलंय. नातेवाईकाला सत्य नीट सांगितलं, की ते आपल्यालाही सोसतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि नीतीचा स्वतंत्र भाग आला आहे. तो हजेरीपुरता घेऊ नका, एवढंच शिक्षकांना सांगणं.

आता आशाताई. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा नेमली गेली. कागदावर ती स्वयंसेविका. म्हणून तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा जागतिक पुरस्कारानं गौरव केला, आणि पुढच्या दोन वर्षांत याच आशा मानधनासाठी आझाद मैदानात बसल्या होत्या. त्यांचा ताण डॉक्टरपेक्षा वेगळा आहे. डॉक्टर वॉर्डातून बाहेर पडला की निदान रुग्णांपासून सुटतो. आशा ज्या गावात काम करते, त्याच गावात राहते. जिच्या बाळंतपणात काही बिघडलं, तिची सासू उद्या विहिरीवर भेटणार. मोबाइलवरचं ॲप रात्री अकराला माहिती मागतं, आणि घरची भाकरी तिची वाट पाहत असते.

तरीही व्यक्तिमत्त्व विकासाचं खरं उदाहरण पाहायचं असेल, तर मी त्यांच्याकडेच बोट दाखवीन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या साध्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची तपासणी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. २०११ पासून घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली, ती याच धर्तीवर. त्या बायकांना कुणी आत्मविश्वासावर व्याख्यान दिलं नव्हतं. हातात कौशल्य दिलं, पाठीशी देखरेख दिली आणि बाळ वाचताना त्यांना स्वतः पाहता आलं. सरपंचापुढे पदर सावरत उभी राहणारी बाई दोन वर्षांत ग्रामसभेत उठून बोलू लागते, ती अशानं.

त्यागाचं काय करायचं, हा प्रश्न मराठी श्रोत्यांपुढे टाळता येत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले यांनी आजारी मुलाला पाठीवर घेऊन पुत्र यशवंत यांच्या दवाखान्यात आणलं, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. त्या तेव्हा ६६ वर्षांच्या होत्या. ती निवड त्यांची होती, कुणी ड्युटी लावली म्हणून त्या गेल्या नव्हत्या. २०२० मध्ये २२ मार्चला आपण थाळ्या वाजवल्या, ३ मे रोजी रुग्णालयांवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली, आणि त्याच काळात कित्येक सोसायट्यांनी परिचारिकांना घर सोडायला सांगितलं. हुतात्म्याला रजा द्यावी लागत नाही, हेच हुतात्मा म्हणण्यातलं सुख. तुमच्यावर कुणी देव म्हणून फुलं टाकू लागलं, की त्यांच्याकडे मंजूर पदांची यादी मागा.

आता कबूल केल्याप्रमाणे थोडं तुमच्या हातातलं. श्वासाचे व्यायाम उपयोगी आहेत. धडधडत्या छातीला दोन मिनिटांत खाली आणतात. पण कमी पडलेली झोप ते भरून काढत नाहीत. नाईटआधी दुपारी दीड तास झोपा. रात्री दोननंतर चहा-कॉफी नको, नाहीतर सकाळची झोप जाते. घरी जाताना स्वतः गाडी चालवू नका. सुरुवातीला सांगितलेल्या अभ्यासाचा हा सरळ निष्कर्ष आहे. खोलीत अंधार करा आणि घरच्यांना स्पष्ट सांगा, की दिवसा झोपणारी बाई आळशी नसते. हे शेवटचं सासरी सांगायला व्यक्तिमत्त्वाचा चांगलाच विकास व्हावा लागतो, हे मला ठाऊक आहे.

विचारांच्या बाजूनं, अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजवणारे कि. मो. फडके जे सांगत, ते आपल्या पेशाला विशेष लागू पडतं. ‘माझ्या हातून चूक होऊ नये’ ही इच्छा. ‘चूक होताच कामा नये, झाली तर मी नालायक’ ही मागणी. इच्छा माणसाला सावध ठेवते, मागणी त्याला गोठवते. डॉ. अभय बंग यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ लिहून, चांगल्या कामाची घाईसुद्धा शरीराला घाईच वाटते, हे स्वतःच्या हृदयावरून मराठी वाचकांना सांगितलं. डॉक्टरनं स्वतःला रुग्ण म्हणून इतकं उघड पाहिल्याची उदाहरणं आपल्याकडे थोडी आहेत.

आणि एकट्यानं सोसू नका. मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. दर आठवड्याला भेटायचं आणि एखाद्या रुग्णानं आपल्याला का अस्वस्थ केलं, यावर बोलायचं, उपचार चुकले का यावर नव्हे. याला एक खोली आणि तासभर वेळ लागतो. निविदा लागत नाही. अमेरिकेत जोनाथन बार्टल्स नावाच्या परिचारकानं रुग्ण दगावल्यावर सगळ्यांनी खाटेभोवती मिनिटभर शांत उभं राहण्याची पद्धत सुरू केली. मिनिटभरच. आपल्याकडे त्या मिनिटात बेड रिकामा करा म्हणून फोन येतो. तो मिनिटभर वाजू द्यावा, असं माझं मत आहे.

झोप उडाली असेल, सुट्टीच्या दिवशीही वॉर्ड डोक्यातून जात नसेल, दारूची किंवा ड्रग ट्रेमधल्या ॲम्प्यूलची आठवण वारंवार येत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणारा डॉक्टर कमजोर, हे मत मी फक्त डॉक्टरांच्याच तोंडून ऐकलंय.

पुढच्या रांगेतल्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. ताण-व्यवस्थापनाच्या एकदिवसीय प्रशिक्षणाचा निधी आला असेल, तर त्यात पहिल्यांदा तक्ता लावणाऱ्यांना बसवा. नाईटवरून उतरलेल्या सिस्टरना त्या दिवशी हजेरीसाठी बोलावू नका. वॉर्डाशेजारी आतून कडी लागणारी एक खोली आणि चालू संडास द्या. रिक्त पदांचा आकडा दर महिन्याला दारावर लावा, म्हणजे नातेवाईकांनाही कळेल, रांग कशानं लांबली. आणि संघटनांच्या प्रतिनिधींना: पुढचं निवेदन लिहाल तेव्हा भत्त्याच्या वर भरती लिहा आणि भरतीच्याही वर झोप लिहा. १९९२ सालचा कागद त्याला जोडा.